पडद्यावरचा छळ आणि खुर्चीतला माणूस

कसबा संगमेश्वर हे रत्नागिरी जिल्ह्यातलं जुनं गाव. कर्णेश्वराच्या कोरीव देवळासाठी ते ओळखलं जातं आणि १ फेब्रुवारी १६८९ या तारखेसाठीही. त्या दिवशी मुघल सरदार मुकर्रबखान सह्याद्री उतरून अचानक येऊन ठेपला आणि छत्रपती संभाजी महाराज व त्यांचे सहकारी कवी कलश त्याच्या हाती लागले. ११ मार्चला महाराजांची हत्या झाली. मधल्या जेमतेम चाळीस दिवसांत त्यांचे जे हाल झाले, ते मराठी मुलाच्या कानावर बहुतेक वेळा शाळेच्या पुस्तकाआधी घरातच पडतात. सांगणारा त्या जागी येऊन आवाज उतरवतो, ऐकणारा मान खाली घालतो आणि गोष्ट तिथे थांबते.

१४ फेब्रुवारी २०२५ला आलेल्या ‘छावा’ने ती गोष्ट तिथे थांबू दिली नाही. लक्ष्मण उतेकर यांच्या या चित्रपटाचा शेवटचा मोठा भाग संगमेश्वरच्या कैदेनंतरच्या छळाचा आहे. साखळदंडात बांधलेला देह, उपटलेली नखं, जखमांवर चोळलेलं मीठ, डोळ्यांत खुपसलेल्या तप्त सळया, छाटलेली जीभ. विकी कौशलचा चेहरा पडदाभर येतो आणि कॅमेरा तिथून हलायला तयार नसतो. समोर औरंगजेबाच्या भूमिकेतला अक्षय खन्ना कमीत कमी हालचाल करत, कमीत कमी बोलत बसलेला. एका बाजूला तडफड आणि दुसऱ्या बाजूला शांत बसणं, या दोन टोकांमध्ये प्रेक्षकाची अवस्था बिकट होते. त्याला काही करावंसं वाटतं आणि करण्यासारखं काही नसतं.

ते ‘काही करावंसं वाटणं’ किती खरं होतं, हे नंतरच्या बातम्यांनी दाखवलं. भरूचच्या एका चित्रपटगृहात छळाची दृश्यं चालू असताना एका प्रेक्षकाने पडदाच फाडला. महाराष्ट्रातल्या चित्रपटगृहांत लोक हुंदके देत होते, शेवटी उभे राहून गारद म्हणत होते. रडणाऱ्या लहान मुलांच्या चित्रफिती घरोघरच्या मोबाइलवर फिरल्या आणि कौतुकानेच फिरल्या. मध्य प्रदेशात बऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या पायथ्याला माणसं रात्री बॅटऱ्या घेऊन शेतं खणू लागली, कारण चित्रपटात बऱ्हाणपूरच्या मुघल खजिन्याचा उल्लेख होता. मार्चमध्ये नागपुरात दंगल उसळली. त्यानंतर मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत सांगितलं की, या चित्रपटामुळे औरंगजेबाविषयीचा लोकांचा राग वर आला आहे. नागपुरात जे झालं त्यामागे औरंगजेबाची कबर हटवण्याचं आंदोलन होतं, अफवा होत्या, राजकारण होतं. त्याचं सगळं खापर एका चित्रपटावर फोडणं अन्यायाचं ठरेल. पण राज्याच्या प्रमुखानेच दंगलीनंतर लोकभावनेविषयी बोलताना चित्रपटाचं नाव घ्यावं, एवढी ताकद पडद्यावरच्या त्या दृश्यांत होती, हे नाकारता येत नाही.

ही ताकद कथेतून आपोआप येत नाही. संभाजी महाराजांच्या शेवटाची कथा तीनशे वर्षांहून अधिक काळ सांगितली जाते आहे. चित्रपटाने त्या कथेला जोडलं ते तंत्र, आणि तंत्राबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. आपण इतिहास खरा की खोटा यावर भांडतो, भावना दुखावल्या की नाही यावर भांडतो. आपला श्वास कोणत्या क्षणी, कशामुळे अडकला, तो कोणी मोजून-मापून अडकवला, हे मात्र विचारत नाही.

हे मोजमाप किती बारीक असतं, याचं सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण आल्फ्रेड हिचकॉकच्या ‘सायको’मधलं (१९६०). न्हाणीघरातल्या खुनाचं दृश्य जेमतेम पाऊण मिनिटाचं, पण त्याचं चित्रण सात दिवस चाललं आणि त्या पाऊण मिनिटात पन्नासच्या वर तुकडे जोडलेले आहेत. सुरी अंगात शिरताना दिसते असं बघणारे शपथेवर सांगतात. प्रत्यक्षात ते जवळजवळ दिसतच नाही. रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप वापरलं होतं आणि सुरीचा आवाज खरबुजात सुरी भोसकून मिळवला होता. हिचकॉकला या दृश्याला संगीतच नको होतं. संगीतकार बर्नार्ड हरमनने व्हायोलिनच्या किंकाळ्या लिहून ऐकवल्या तेव्हा त्याने मत बदललं.

त्या किंकाळ्या अंगावर का येतात, यावर पुढे एका प्राणिशास्त्रज्ञाने काम केलं. कॅलिफोर्निया विद्यापीठातले डॅनियल ब्लमस्टीन मार्मट नावाच्या डोंगरी, खारीच्या कुळातल्या प्राण्यांचा अभ्यास करतात. संकटात सापडलेल्या पिल्लाचा आवाज फाटतो, चिरकतो, एकदम वर-खाली जातो आणि त्या फाटलेपणाकडे दुर्लक्ष करणं इतर प्राण्यांना जमत नाही. ब्लमस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभरावर चित्रपटांचे ध्वनिपट्टे तपासून २०१०मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. भयपट आणि इतर चित्रपटांतल्या भावनिक प्रसंगांत अशाच फाटलेल्या आवाजांचा वापर वेगवेगळ्या प्रमाणात होतो, असं त्यात दिसलं. म्हणजे चित्रपटगृहात आपल्याला दचकवणारी गोष्ट पुष्कळदा आपल्या बुद्धीपर्यंत पोचतच नाही. ती आपल्यातल्या सस्तन प्राण्याशी परस्पर बोलून मोकळी होते. फ्रान्सच्या गॅस्पार नोएने ‘इर्रिव्हर्सिबल’मध्ये (२००२) तर सुरुवातीच्या भागात कानाला धड ऐकू येणार नाही इतक्या खालच्या पट्टीतला, सुमारे २८ हर्ट्झचा आवाज मिसळला होता. तो धड ऐकू येत नाही, पण अंगाला जाणवतो. कान महोत्सवात कित्येक जण चित्रपट अर्धवट सोडून बाहेर पडले.

इथे एक मुद्दा स्पष्ट व्हायला हवा. प्रेक्षकाला अस्वस्थ करण्याचा दिग्दर्शकाला हक्क आहे. तो हक्क काढून घेतला तर कला उरणार नाही, करमणूक तेवढी उरेल. पण आपल्याला न कळता आपल्या शरीराशी कोणी व्यवहार करत असेल, तर त्या व्यवहारातून आपल्याला कुठे नेऊन सोडलं, हे विचारण्याचा हक्क प्रेक्षकालाही आहे.

या प्रश्नाला मराठी चित्रपटाने दिलेली उत्तरं जगातल्या कोणत्याही चित्रपटसृष्टीने अभ्यासावीत अशी आहेत. ‘सैराट’ (२०१६) घ्या. अजय-अतुल यांनी त्याच्या संगीताचा बराच भाग हॉलिवूडमध्ये पूर्ण सिम्फनी वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रित केला होता. आधीचे अडीच तास प्रेक्षक त्या संगीतावर तरंगत असतो. गावोगावी लोक ‘झिंगाट’ला पडद्यासमोर जाऊन नाचले. आणि शेवटी, जिथे कोणताही दुसरा दिग्दर्शक शंभर व्हायोलिनं एकदम सोडेल, तिथे नागराज मंजुळे आवाज बंद करतात. नायिका आर्चीचा भाऊ माणसं घेऊन येतो, आईने पाठवलेली भेट आणतो, चहा होतो. लहानगं पोर शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं असतं. खून दिसत नाही. पोर परत येतं, दारातून आत जातं, रडायला लागतं आणि त्याचं रडणं ऐकू येत नाही. ते बाहेर चालत निघतं आणि त्याच्या पावलांचे लाल ठसे फरशीवर उमटत जातात.

ऐन वेळी चित्रपटगृहात आवाज जातो तेव्हा प्रेक्षकाला पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकू येतो. शेजारच्याचा श्वास, मागच्या रांगेतला हुंदका, कोणाच्या तरी हातातला कागद. आपण इथे बसलो आहोत, आपण मघाशी नाचलो आहोत, हे जाणवतं. संगीत माणसाला काय वाटून घ्यायचं ते सांगतं. इथे ते सांगणारं कोणी नाही आणि ते पोर चालत प्रेक्षकाकडेच येतं आहे. या दृश्यात खलनायकाचा चेहराही धरून ठेवलेला नाही, त्यामुळे सगळा राग त्याच्यावर ओतून मोकळं होण्याची सोय नाही. आपल्या घरात, आपल्या गावात, आपल्या जातीत ‘इज्जत’ या नावाखाली काय चालतं तिकडेच मन जातं.

दोन वर्षांनी याच कथेवरून निघालेल्या हिंदी ‘धडक’ने शेवट बदलला. तिथे नवरा आणि मूल मारले जातात, नायिका जिवंत राहते आणि तिचा आक्रोश आपल्याला बघायला मिळतो. धक्का तिथेही आहे. पण आक्रोश करायला पडद्यावर एक मोठं माणूस आहे, म्हणजे आपल्या वतीने रडणारं कोणी आहे. ‘सैराट’मधल्या पोराला आपण काय बघतो आहोत हे पुरतं कळतही नाही, कळणारे आपणच. एवढा एक बदल आणि परिणामात जमीन-अस्मानाचं अंतर.

मंजुळे यांच्या आधीच्या ‘फँड्री’त (२०१४) प्रेक्षकालाच समोर उभं करण्याचं हे तंत्र आणखी उघड आहे. शाळकरी जब्या आणि त्याच्या घरचे गावाच्या देखत डुक्कर पकडताहेत. शाळेतली मुलं कठड्यावर बसून हसताहेत आणि जिच्यासाठी जब्या झुरतो ती शालूही तिथेच आहे. हे दृश्य लांबतं. मुद्दाम लांबवलेलं आहे. प्रेक्षागृहात सुरुवातीला थोडं हसू येतं, कारण पळापळ गमतीशीर आहे. मग ते हसू घशात अडकतं, कारण पडद्यावर हसणारी माणसं आणि खुर्चीत बसून हसणारी माणसं यांच्यात फरक काय, हा प्रश्न आपला आपण समोर येऊन उभा राहतो. डुक्कर हाताशी आलेलं असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि कुटुंब आहे त्या जागी उभं राहतं, डुक्कर निसटतं. पुढे बांधलेलं डुक्कर खांद्यावर वाहून नेताना मागच्या भिंतीवर फुले, आंबेडकर, गाडगेबाबांची चित्रं दिसतात. शेवटी जब्या दगड भिरकावतो, तो थेट कॅमेऱ्याच्या दिशेने, आणि पडदा काळा होतो. १९७४मध्ये श्याम बेनेगल यांच्या ‘अंकुर’च्या शेवटीही एक पोर दगड मारतं, पण तो जमीनदाराच्या खिडकीवर लागतो. जब्याचा दगड चाळीस वर्षांनी प्रेक्षकाच्या कपाळापर्यंत पोचला.

‘सैराट’सारखी दृश्यातून काहीतरी काढून घेण्याची ही रीत मराठीत नवी नाही. प्रभातच्या ‘कुंकू’त (१९३७) व्ही. शांताराम यांनी पार्श्वसंगीत वगळून नुसते घरातले आवाज ठेवले होते आणि म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरात अडकलेल्या नीराचा कोंडमारा त्यामुळेच टोचतो. रंगभूमीवर तर याचं विलक्षण उदाहरण घडलं. विजय तेंडुलकरांचं ‘गिधाडे’ डॉ. श्रीराम लागू यांनी १९७०मध्ये रंगमंचावर आणलं. त्यातल्या माणिकचा गर्भ तिचेच भाऊ मारहाण करून पाडतात. ती रंगमंचावर येते तेव्हा तिच्या साडीवर रक्ताचा डाग असणार होता. परिनिरीक्षण मंडळाने लाल डागाला हरकत घेतली. तेव्हा नाटकवाल्यांनी डाग निळा केला आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगून टाकलं की, मंडळाच्या आज्ञेमुळे हा डाग निळा आहे, आपण तो लाल समजावा. लाल डागाला प्रेक्षक कदाचित नाट्यसामान समजून विसरला असता. निळा डाग त्याला स्वतःच्या डोक्यात लाल करावा लागला, म्हणजे त्या क्रौर्यात त्याला स्वतःचा हात घालावा लागला. दृश्य बोथट करायला निघालेल्या मंडळाने नकळत ते धारदार करून ठेवलं.

रत्नागिरी जिल्ह्याचं नाव जगभर नेणारा भयपटही याच जातकुळीचा आहे. तुंबाड हे खेड तालुक्यात, जगबुडी नदीच्या काठी असलेलं खरं गाव. दापोलीजवळच्या मुर्डीचे श्री. ना. पेंडसे यांनी ‘तुंबाडचे खोत’ ही कादंबरी लिहून ते मराठी वाचकाच्या मनात कायमचं बसवलं. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ने (२०१८) तिथलं नाव घेतलं, गोष्ट मात्र वेगळी. तिची प्रेरणा त्यांनी नारायण धारप यांच्या एका कथेला दिली आहे. या चित्रपटाचं काम पूर्ण व्हायला कित्येक पावसाळे लागले, कारण पाऊस खरा हवा होता. पंकज कुमार यांच्या कॅमेऱ्यात ओल इतकी भरून आहे की बघणाऱ्याला आपले कपडे आंबट झाल्यासारखे वाटतात. कोकणात राहणाऱ्याला तर ती ओल परकी नाहीच. चेहऱ्यावर खिळे असलेल्या, साखळीने बांधलेल्या म्हाताऱ्या बाईला खायला घालण्याचं काम लहानग्या विनायकच्या वाट्याला येतं, तिथे भीती वाटते. पण मनात टिकून राहतं ते मोठ्या झालेल्या विनायकचं लोभापायी पुन्हा पुन्हा विहिरीत उतरणं, आणि नंतर आपल्या मुलाला तेच शिकवणं. २०१८मध्ये बेताचा चाललेला हा चित्रपट सप्टेंबर २०२४मध्ये पुन्हा लागला, तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. सहा वर्षं तो लोकांच्या मनात भिजत पडला होता.

या पार्श्वभूमीवर ‘छावा’चा शेवट पाहिला तर त्यातली अडचण कळते. त्याचं तंत्र भर घालण्याचं आहे. जखमेवर जखम, क्लोज-अपवर क्लोज-अप, वर कमालीचं मोठं पार्श्वसंगीत. विकी कौशलची मेहनत आणि निष्ठा यांबद्दल शंका घेण्याचं कारण नाही, आणि रडलेल्या लाखो लोकांचे अश्रू खरे होते. पण इतका वेळ नजर देहावर खिळवून ठेवली की माणूस मागे पडतो. १६८१च्या जानेवारीत राज्याभिषेक झालेला हा राजा आठ वर्षं औरंगजेबाशी लढत होता. त्याच काळात जंजिऱ्याच्या सिद्दीला वेढा घालत होता, गोव्याच्या पोर्तुगिजांच्या उरात धडकी भरवत होता. संस्कृतात ‘बुधभूषणम्’ लिहिणारा हा राजा होता. चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या दहा वर्षांच्या मुलाने यातलं काय बरोबर नेलं? सळया नेल्या, नखं नेली. ज्याच्या धैर्यासाठी हे सगळं दाखवलं, त्याचं धैर्य त्या मुलाच्या आठवणीत जखमांच्या यादीखाली दबून गेलं असेल, तर हा महाराजांवरही अन्याय आहे.

दुसरी अडचण अस्वस्थतेच्या दिशेची. ‘फँड्री’ बघून बाहेर आलेला माणूस आपल्या वाडीतल्या जब्याकडे बघतो. ‘छावा’ बघून बाहेर आलेल्या माणसाच्या मनात साठलेला राग तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या बादशहावर काढता येत नाही. तो जवळची, जिवंत जागा शोधतो. कुणी पडद्यावर काढतो, कुणी कबरीवर, कुणी मोबाइलवरच्या मजकुरात. याचा अर्थ इतिहासातलं क्रौर्य दाखवू नये असा नाही. जोनाथन ग्लेझरने ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’मध्ये (२०२३) ऑशविट्झची छळछावणी दाखवली, पण भिंतीच्या अलीकडूनच. पडद्यावर छावणीच्या प्रमुखाचं घर, त्याच्या बायकोची बाग, मुलांचा पोहण्याचा तलाव. भिंतीपलीकडून गोळ्या, ओरडणं, भट्ट्यांची घरघर ऐकू येत राहते. घरात कुणी मान वर करत नाही. या चित्रपटाला ध्वनीसाठी ऑस्कर मिळालं ते योग्यच झालं, कारण त्यातला अख्खा नरसंहार कानांनी बघायचा आहे. आणि बघणाऱ्याला प्रश्न पडतो तो नाझींविषयी कमी, आपल्या भिंतीपलीकडून येणाऱ्या आवाजांविषयी जास्त.

संभाजी महाराजांवरही संयमाने काम झालेलं आहे. ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ ही मालिका २०१७पासून अडीच वर्षं घराघरात पाहिली गेली आणि फेब्रुवारी २०२०मध्ये संपली. शेवटचे हाल तिने सविस्तर दाखवले नाहीत. त्या आधी वसंत कानेटकरांच्या ‘इथे ओशाळला मृत्यू’मध्ये हाच शेवट मराठी रंगमंचावर आला, प्रभाकर पणशीकरांचा औरंगजेब त्यातून अजरामर झाला. रंगमंचावर क्लोज-अप नसतो. सळई डोळ्यापाशी नेता येत नाही, तेव्हा शब्दांना आणि शांततेला ते काम करावं लागतं. चिपळूणला जन्मलेल्या काशीनाथ घाणेकरांनी कानेटकरांच्याच ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मध्ये रंगवलेला संभाजी ज्यांनी पाहिला, त्या पिढीच्या बोलण्यात आजही त्यांचे डोळे आणि त्यांचा आवाज येतो.

आता मुलांविषयी, कारण सगळ्यांत गंभीर गोष्ट तीच आहे.

‘छावा’ला ‘यूए १६+’ प्रमाणपत्र होतं. पूर्वी नुसतं ‘यूए’ असायचं. २०२३ची कायदादुरुस्ती आणि २०२४चे नियम यांनी त्याचे ७, १३ आणि १६ असे तीन टप्पे केले. सुधारणा चांगली आहे, पण हे आकडे पालकांना दिलेला सल्ला आहेत. बंदी फक्त ‘ए’ला असते. म्हणजे सोळा वर्षांखालच्या मुलाला आत घ्यायचं की नाही, हे चित्रपटगृहाने ठरवायचं नसतं, आई-वडिलांनी ठरवायचं असतं. आणि महाराष्ट्रातल्या कोणत्या आई-वडिलांना महाराजांच्या चित्रपटाला मुलाला नेणं चुकीचं वाटेल? नेणं हा संस्कारच वाटतो. तिकीट काढताना त्यांना १६ हा आकडा दिसला तरी त्याचं कारण कळत नाही. लढाया असतील, थोडं रक्त असेल, असं समजून ते आत जातात. पडद्यावर प्रमाणपत्र झळकतं ते काही सेकंद, तिकीट फाडून झाल्यावर. मग शेवटच्या भागात मांडीवरचं मूल थरथरू लागतं तेव्हा रांगेतून उठून जायला माणूस कचरतो. ‘महाराजांसाठी एवढंही बघवत नाही का?’ असं कोणी म्हणेल, ही धास्ती असते.

मुलांना घाबरवण्याची परंपरा कोकणाला नवी नाही. शिमग्यात गुहागर-दापोलीकडे घरोघर संकासूर येतो. काळे कपडे, काळा मुखवटा, पांढरी दाढी, डोक्यावर उंच टोपी, कमरेला घुंगरं, हातात दोरीचा कोरडा. पोरं किंचाळत आईच्या मागे लपतात. पण आई तिथे असते, अंगण आपलं असतं, उजेड असतो, आणि संकासूर दुसऱ्या घरी निघून गेला की पोरं त्याच्याच मागे धावतात. भीती किती द्यायची, कधी थांबवायची हे समोरच्या पोराकडे बघून ठरतं. अंधाऱ्या चित्रपटगृहातल्या यंत्राला समोर कोण बसलं आहे ते दिसत नाही. आठ वर्षांच्या मुलासाठी आणि चाळीस वर्षांच्या माणसासाठी ते तोच आवाज तेवढाच मोठा सोडतं, आणि मघाशी सांगितलेल्या फाटक्या आवाजाचा परिणाम मुलावर होणार नाही असं मानायला काही आधार नाही.

मुलांचा प्रश्न पडद्यासमोरच्याच नाही, पडद्यावरच्या मुलांचाही आहे. जयंत पवार यांच्या कथेवर आधारित महेश मांजरेकरांचा ‘नाय वरनभात लोन्चा कोन नाय कोन्चा’ जानेवारी २०२२मध्ये आला. गिरणगाव उद्ध्वस्त झाल्यावर तिथल्या पोरांचं काय झालं, ही त्याची कथा. ट्रेलरमध्ये अल्पवयीन मुलांची जी दृश्यं होती त्यांवर राष्ट्रीय महिला आयोगाने केंद्र सरकारकडे हरकत नोंदवली आणि ट्रेलर मागे घेण्यात आला. पवारांची कथा कठोरच आहे आणि ती तशीच असायला हवी. पण कागदावर ‘पोरगं’ असं लिहिलं की ते पोरगं वाचकाच्या डोक्यात तयार होतं. कॅमेऱ्याला मात्र खरं, हाडामांसाचं मूल लागतं, सेटवर उभं करावं लागतं, त्याच्याकडून ते करून घ्यावं लागतं. प्रौढांसाठीच्या चित्रपटाला ‘ए’ प्रमाणपत्र असतं. त्याच्या ट्रेलरला दारावर अडवणारं कोणी नसतं, तो थेट सातवीतल्या मुलाच्या हातातल्या मोबाइलवर येतो.

ओटीटीवर २०२१च्या नियमांनी एक साधी गोष्ट बंधनकारक केली: वयोगटाबरोबर कारणही लिहायचं. हिंसा, भाषा, नशा, जे असेल ते, सुरुवातीलाच. घरात सोफ्यावर बसून बघणाऱ्याला जी माहिती मिळते, ती तिकिटाच्या रांगेत उभ्या असलेल्या कुटुंबालाही मिळायला हवी. रत्नागिरी, चिपळूण, खेडच्या चित्रपटगृहांनी हे सरकारची वाट न बघता सुरू करता येईल. तिकीट खिडकीवर मराठीत एक पाटी लावायची: ‘शेवटच्या भागात छळाची दीर्घ दृश्यं आहेत, लहान मुलांना त्रास होऊ शकतो.’ ऑनलाइन तिकिटाच्या पानावरही हीच ओळ हवी. शाळा जेव्हा शंभर मुलांना बसमध्ये घालून ऐतिहासिक चित्रपट दाखवायला नेतात, तेव्हा एखाद्या शिक्षकाने तो आधी एकट्याने शेवटपर्यंत बघून यायला हवा. गरज वाटली तर त्या मुलांना मध्यंतरानंतर थोड्या वेळाने बाहेर आणावं, आणि पुढचं कसब्याला नेऊन तोंडाने सांगावं.